बाणाची मागची बाजू

१३ जानेवारी, मंगळवार

काम मिळालं! नवऱ्याला, अनिकेतला, फोन केला तर तो इंदूरहून येणाऱ्या बसमध्ये उभा होता, म्हणाला, घरी आल्यावर बोलू. तोवर कुणाला तरी सांगायलाच हवं, म्हणून ही वही काढली.

बडनगर रोडवर फेब्रुवारीत एका महाराजजींची सात दिवसांची कथा आहे. समितीचे श्रीनाथजी आज स्वतः माधव नगरला आमच्या दुकानात आले. मी त्याला स्टुडिओ म्हणते, बाकी सगळं घर दुकान म्हणतं. मैदानातल्या सगळ्या पाट्या, नकाशा, पास, कमानी, सगळं एका हातचं हवंय. "मैडम, हमको फ्लेक्स जैसा नहीं, एयरपोर्ट जैसा चाहिए," म्हणाले. हे वाक्य ऐकायला मी नऊ वर्षं थांबले आहे.

पुण्यात एजन्सीत सहा वर्षं काढली. बिस्किटाच्या पुड्यापासून पतपेढीच्या बोधचिन्हापर्यंत सगळं केलं. लग्न करून उज्जैनला आले आणि मग लग्नपत्रिका, मुंडनाची कार्डं आणि वाढदिवसाचे नेते. एका फ्लेक्सवर एकवीस चेहरे बसवलेत मी, आणि त्यातल्या प्रत्येकाला आपलाच चेहरा मोठा हवा होता.

जाताना श्रीनाथजी म्हणाले, काम नीट झालं तर समिती अनुभव पत्र देईल. सिंहस्थाच्या कामात शिरायचं तर असं पत्र लागतं. माझ्याकडे आज दाखवायला काय आहे? 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं.'

आईंनी देवापुढे साखर ठेवली. आई म्हणजे सासूबाई. दुकान काढायचं म्हटलं तेव्हा सगळे नको म्हणत होते. त्यांनी मात्र शिवणाचं मशीन माळ्यावर चढवलं आणि पुढची खोली मला दिली. या बाईसाठी तरी हे काम झकास व्हायला हवं.

१६ जानेवारी, शुक्रवार

मैदान बघून आले. बरोबर दिलीप होता. पाट्या छापणार आणि लावणार तोच. चांगला माणूस आहे, फक्त प्रश्न फार विचारतो.

जागा सोपी आहे. एका टोकाला कथेचा पंडाल, समोरच्या टोकाला भोजनशाळा, मध्ये चौक. पंडालातून चौकात आलं की उजवीकडे मोठं गेट, तिथून थेट रस्त्यावर. डावीकडे नाल्याच्या कडेने एक गली जाते, पुढे पत्रा ठोकून बंद केलीय. पत्र्यापलीकडे महाराजजींच्या गाड्या उभ्या राहणार. गली इतकी अरुंद की मी आणि दिलीप शेजारी चालू शकलो नाही.

चौकात आणि आजूबाजूला बारा खांब. प्रत्येकावर 'बाहर जाने का मार्ग' आणि बाण. त्यासाठी मी निळा रंग मनात पक्का केलाय.

२४ जानेवारी, शनिवार

श्रीनाथजींशी आज एक लढाई जिंकले. त्यांना प्रत्येक पाटीवर महाराजजींचा फोटो हवा होता. मी म्हटलं, लोक बाण बघणार की फोटोला नमस्कार करत उभे राहणार? हसले आणि मान्य केलं. निळी पाटी, पांढरी अक्षरं, पांढरा बाण, चारी बाजूंना भरपूर मोकळी जागा. सुरेख दिसतेय. आपलं ते सोनं म्हणून नाही म्हणत, खरंच सुरेख आहे.

दुपारी बाबांना दाखवली. बाबा म्हणजे सासरे, नागद्याच्या पट्ट्यात स्टेशन मास्तर होते. रिटायर होऊन तेरा वर्षं झाली, पण घरात अजून गाडी वेळेवर सुटते. चष्मा पुसून बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "छान आहे. पण ही कुणीकडून येणाऱ्यासाठी?"

"सगळ्यांसाठी, बाबा."

"असं कसं? आमच्याकडे गाडी इकडून पण येते, तिकडून पण येते. दोघांना एकच सिग्नल दाखवून कसं चालेल?"

मी हो हो म्हटलं. आता माणसांना रुळावर चालवायचं का? आम्ही शाळेच्या स्नेहसंमेलनाचं कार्ड केलं तेव्हाही त्यांनी त्यात वेळापत्रक घालायला लावलं होतं.

२७ जानेवारी, मंगळवार

दिवसभर पासांच्या मागे. चार रंगांचे पास, त्यात सेवकांचा भगवा आणि पाहुण्यांचा केशरी दिलीपच्या मशीनवर सारखेच येतात. डोकं उठलं होतं, त्यात त्याचाच फोन.

"दीदी, बोर्ड तो खंबे पे दोनों तरफ से दिखेंगे. पीछे की फाइल अलग भेजोगी क्या?"

"अलग कशाला? दोनों साइड सेम."

"पक्का न?"

"दिलीप, डिझाईन मैं कर रही हूँ या तुम?"

तरी म्हणाला, लिख के डाल दो, मशीनवाल्याला दाखवायला बरं पडतं. म्हणून लिहून पाठवलं, 'दोनों साइड सेम.' त्याने अंगठा पाठवला. सुटले एकदाची.

२ फेब्रुवारी, सोमवार

कथा सुरू झाली. सकाळी मैदानात उभी राहिले आणि खरं सांगते, रडू आलं. निळ्या पाट्यांची रांग, कुठे चेहरा नाही, फुलं नाहीत, चमचम नाही. माझ्यासारख्या बाईने या गावात एवढं करून दाखवलं. श्रीनाथजींनी चार लोकांपुढे सांगितलं, "ये मैडम का काम है." दिलीप शिडीवरूनच हसत होता. त्याचा शर्ट घामाने ओला आणि तोंडावर असा आनंद की जणू पोरगं पहिलं आलंय.

आई रोज जाणार आहेत. समोरच्या जयूमावशी आणि त्यांच्या भजनाच्या सहा-सात बायका. दुपारी कथा, मग भोजनशाळेत प्रसाद, संध्याकाळच्या आत घरी.

४ फेब्रुवारी, बुधवार

आईंनी आल्या आल्या पदराने तोंड पुसत किस्सा सांगितला. "अगं, आज पुन्हा भटकलो! जेवून निघालो, तुझी पाटी पाहिली, वळलो, आणि गेलो सरळ नाल्याच्या गलीत. पुढे पत्रा! जयू म्हणते, चला आता पत्र्याचीच आरती करू. मागून आणखी बायका घुसल्या, परत फिरायलाच परेशान झालो. एका सेवकाने दंडा आपटून सगळ्यांना मागे काढलं."

आई आणि बरोबर आलेल्या जयूमावशी इतक्या हसत होत्या की मीही हसले. आईंना दिशा कळत नाहीत हे घरात जगजाहीर आहे. फ्रीगंजच्या बाजारात त्या अजून घंटाघर विचारत फिरतात.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज नवीन काही नाही. श्रीनाथजी म्हणाले, रविवारी शेवटच्या दिवशी वेळ बदलेल. कथा सकाळीच संपणार, मग रोजच्यासारखा थोड्यांना नाही, सगळ्यांना महाप्रसाद. म्हणजे अख्खा समाज भोजनशाळेकडूनच बाहेर पडेल. पत्र सोमवारी देतो म्हणाले.

जेवताना बाबांनी विचारलं, "पाटीच्या मागे काय छापलंय?"

"तेच, जे पुढे आहे."

भाताचा घास हातात तसाच ठेवून ते माझ्याकडे बघत राहिले. मग आईंना म्हणाले, रजनी, रविवारी नको जाऊस. आई म्हणाल्या, सहा दिवस ऐकून सातव्याला घरी बसू? बाबांनी ताट सरकवलं. मला त्यांचा राग आला. प्रत्येक गोष्टीत खोट काढायची म्हणजे काय!

६ फेब्रुवारी, शुक्रवार

जयूमावशींनी फोटो पाठवला. सगळ्या बायका माझ्या पाटीखाली उभ्या. त्यांच्या मागे दूरवर पंडालाचा कळस दिसतोय, म्हणजे फोटो भोजनशाळेकडून काढलाय. डोक्यावर बाण, उजवीकडे. आणि बाण जिथे दाखवतोय तिथे नाल्याच्या गलीचं तोंड.

मी फोन खाली ठेवला. परत उचलला. कागद घेतला, त्याच्या दोन्ही बाजूंना बाण काढला, डोळ्यापुढे धरून फिरवला. पंडालाकडून येणाऱ्याचं उजवं म्हणजे गेट. समोरून येणाऱ्याचं उजवं म्हणजे गली. हे लहान मुलाला कळतं. दिलीपला कळलं होतं, बाबांना कळलं होतं. मला कळलं नाही, कारण मी कंप्यूटरच्या पडद्यावर काम करते आणि पडद्याला मागची बाजू नसते.

बारा पाट्या. मागच्या बाजूला उलटा बाण चिकटवायचा, बस्स. दिलीप अर्ध्या दिवसात करेल. त्याला सांगायचं म्हणजे चूक माझी हे सांगायचं. तेही ठीक. पण समितीच्या परवानगीशिवाय तिथे शिडी लागणार नाही, आणि श्रीनाथजी पत्र सोमवारी देणार आहेत.

त्यांना फोन केला. म्हटलं, मागच्या बाणांत थोडा बदल सुचतोय.

"मैडम, पाँच दिन से बढ़िया चल रहा है. अब दो दिन के लिए क्या बदलना? कुछ गड़बड़ है क्या?"

मी म्हटलं, "नहीं नहीं, बस ऐसे ही. और अच्छा दिखता."

म्हणजे मी खोटं बोलले. लिहून ठेवते, म्हणजे उद्या स्वतःलाच फसवणार नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

मैदानात जाऊन आले. गलीच्या तोंडाशी एक सेवक उभा आहे, हातात दंडा. कुणी तिकडे वळलं की "उधर नहीं, माताराम, इधर" म्हणून फिरवतो. अर्धा तास उभी राहून पाहिलं. एकही माणूस आत गेला नाही. जीव भांड्यात पडला.

त्याला विचारलं, कल भी यहीं रहोगे ना? म्हणाला, "कल तो सबकी ड्यूटी परोसने में है, बहनजी." मग म्हणाला, कोई न कोई रहेगा.

कोई न कोई रहेगा. घरी येताना ऑटोत हेच घोकत होते. दिलीप कमानीजवळ भेटला होता. त्याने विचारलं, दीदी, कुछ काम था? मी म्हटलं नाही, सहज आले. त्याच्या गाडीवर शिडी बांधलेली होती.

८ फेब्रुवारी, रविवार, सकाळी

आई निघाल्यात. मोरपंखी साडी, हातात डबा, महाप्रसाद घरी आणायचा म्हणून. दारात त्यांना थांबवून म्हटलं, "आई, जेवून निघालात की पाटीकडे बघू नका. डाव्या हाताला वळा. डाव्या. जयूमावशींनाही सांगा."

"अगं, आता पाठ झालंय मला! तूच केलेली पाटी आणि तूच म्हणतेस बघू नका?" असं म्हणून माझ्या गालाला हात लावला.

त्या वळणापर्यंत दिसत होत्या. मग लक्षात आलं की मी घरच्या माणसाला सांगितलं. बाकीच्या हजारोंना कोण सांगणार? मैदानात जाऊन स्वतः चौकात उभं राहावं का? पण श्रीनाथजींनी विचारलं, मैडम, इथे का उभ्या, तर काय सांगू. बारापर्यंत ठरवते.

१० फेब्रुवारी, मंगळवार

बारापर्यंत ठरलं नाही. सव्वा वाजता झालं.

चार माणसं गेली. तीन बायका, एक म्हातारे गृहस्थ. जयूमावशी त्या तिघींतल्या एक. चाळीसच्या वर जखमी. पुढचे पत्र्यापाशी थांबले, मागचे येतच राहिले, गलीच्या तोंडाशी कुणी नव्हतं. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला नाला.

आईंच्या तीन बरगड्या मोडल्या, डावा हात दोन ठिकाणी. त्या डावीकडेच वळल्या होत्या. जयूमावशी वाढणाऱ्याशी बोलत मागे राहिल्या होत्या, त्या पाटी बघून उजवीकडे गेलेल्या दिसल्या म्हणून आई त्यांना बोलवायला परत फिरून गलीत शिरल्या. दिलीप तिथे होता. त्याने पत्रा उचकटला आणि नाल्यात उतरून माणसं बाहेर काढली. आईंनाही त्यानेच काढलं. त्याचा फोन नाल्यात गेला.

काल जयूमावशींना नेलं. मी त्यांच्या लेकीसमोर, अमृतासमोर, उभी होते. ती माझ्या गळ्यात पडून रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि तो हात माझा वाटत नव्हता.

११ फेब्रुवारी, बुधवार

दवाखान्यात आईंना बोलायला त्रास होतो, तरी नर्सला सांगत होत्या, "ये मेरी बहू. वहाँ के सब बोर्ड इसने बनाए." नर्स म्हणाली, अच्छा! मी पाण्याची बाटली भरायचं निमित्त करून बाहेर आले आणि जिन्यावर बसले. मला त्यांच्या पायावर डोकं ठेवून सगळं सांगायचं होतं. बरगड्या जुळू देत, मग सांगेन असं ठरवलं. माझं हे ठरवणं आता मला ओळखू येतं.

काल संध्याकाळी दिलीपला पोलिसांनी नेलं. पाट्या उलट्या लावल्या म्हणून. पेपरात 'बोर्ड लगाने वाले की लापरवाही' असं आलंय. बारा पाट्यांचा ढीग पोलिसांनी उचलून नेला. कुठली कुठे होती, पुढची बाजू कुठली, आता कोण सांगणार.

दुपारी श्रीनाथजींचा फोन. आवाज एकदम मऊ. "मैडम, आप बिल्कुल चिंता न करें. आपकी डिझाईन तो परफेक्ट थी. फिटिंग में गड़बड़ हुई. आपके पास आगे और पीछे की दोनों फाइलें होंगी ना? जाँच में लगानी हैं. कल मेल कर दीजिए."

मी म्हटलं, "मागची..."

"होंगी ही, मैडम. देख लीजिए." आणि फोन ठेवला.

अनिकेतला सांगितलं. तो म्हणाला, "आईला कळलं तर?" दिलीपचं नाव त्याने घेतलं नाही. मीही घेतलं नाही. दिलीपला पाठवलेला मेसेज मी काल माझ्या फोनमधून काढून टाकला आहे, हे मात्र अनिकेतलाही सांगितलं नाही.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी साडेसातला फाइल पाठवली.

मूळ पाटी उघडली, प्रत काढली, बाण फिरवला, नाव दिलं 'पीछे'. लग्नपत्रिकेत काकांचं नाव वाढवायला याहून जास्त वेळ लागतो. उत्तर लगेच आलं. जोडलेले हात, आणि खाली, 'अनुभव पत्र तैयार है.'

नऊ वाजता बाबा दुकानात आले. ते इथे कधी येत नाहीत. अंगात इस्त्रीचा शर्ट, दाढी केलेली. मागे दिलीपची बायको अंबिका होती. तिला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि माझ्या टेबलापाशी स्टूल ओढून बसले.

"मधुरा, आमच्याकडे अपघात झाला की पहिलं काम एकच. रजिस्टर सील करायचं. कुणी लिहायचं नाही, कुणी खोडायचं नाही. मग चूक कुणाची ते कळतं. माझ्या नोकरीत चूक करणारे पुष्कळ पाहिले. माणूस आहे, चुकतो. त्यातले बरेच परत ड्युटीवर आले. खाडाखोड करणारा एकही आला नाही."

मी कंप्यूटरकडे बघत होते.

"मी सोमवारी तिथे जाऊन आलो. पाट्या उचलायच्या आधी. दोन्ही बाजूंनी पाहिल्या. मला ठाऊक आहे." त्यांनी चष्मा काढून पुसला. "शनिवारीच जायला हवं होतं. मी पण घरी बसून राहिलो, तो माझा गुन्हा. आता तू या कंप्यूटरला हात लावू नको. आहे तसा उचलून ठाण्यात नेऊ. तो पोरगा सुटेल. तुझं जे व्हायचं ते होईल, मी तुझ्या बाजूला बसेन. रजनीला मी सांगतो."

मला त्या क्षणी वाटलं, सांगून टाकावं. बाबा, उशीर झाला, दीड तास उशीर. तोंड उघडलंही. तेवढ्यात अंबिका बाकावरून म्हणाली, "दीदी, उन्होंने कहलवाया है, दीदी से पूछ लेना. दीदी झूठ नहीं बोलेंगी."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "त्याला तू काय सांगितलं होतंस, ते कुठे लिहिलेलं आहे का? मेसेज, चिठ्ठी, काहीही."

ही वही टेबलावरच होती, पासांच्या गठ्ठ्याखाली. मी गठ्ठा थोडा तिच्यावर सरकवला आणि म्हटलं, "नाही, बाबा."

"बरं. मग तोंडी सांगू," म्हणाले आणि ऑटो बघायला बाहेर गेले.

तेवढ्यात हे लिहून घेतेय. अंबिकेने दारातून हाक मारली, "दीदी, ऑटो आ गया." बाबांनी शेजारची जागा मला ठेवलीय, आणि कंप्यूटर घेऊन यायला सांगितलंय. त्यात 'पीछे' नावाची फाइल आहे, तारीख आजची.